तेविसावा गुंड

माझ्या साडूइतका मार या भारतवर्षात दुसऱ्या कोणी खाल्ला असेल, तर त्याने पुढे यावं, मी त्याच्या पाया पडायला तयार आहे. हसू नका. लाथा, बुक्के, काठ्या, सोड्याच्या बाटल्या, नारळ, सायकलची चेन, एकदा तर एका म्हाताऱ्या बाईची चप्पल, असं सगळं त्याने तीसेक वर्षं शिफ्टमागून शिफ्ट खाल्लं. तिसऱ्या मजल्यावरून पडला, विहिरीत पडला, भाजीच्या हातगाडीवर तर किती वेळा पडला ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. आणि इतकं करून संध्याकाळी सातच्या आत अंधेरीला घरी, लेंगा चढवून वरणभातावर तूप घेतोय. अंगावर ओरखडा नाही. कारण आमचा साडू डबिंगवाला. दक्षिणेकडचे मारधाडीचे सिनेमे हिंदीत येतात ना, त्यातल्या गुंडांना मार बसला की जे 'आ', 'ऊ', 'उफ्' ऐकू येतं, ते करायचं काम याचं. नायकाचा आवाज वेगळ्याचा, खलनायकाचा वेगळ्याचा. पण मधे जे पन्नास जण धावत येऊन आपटून जातात, ते बहुतेक सगळे आमचा साडू.

हा सगळा मार अर्थातच खोटा होता. एकच खरा होता. तो बसला तेव्हा मी समोर होतो, काचेच्या अलीकडे, आणि मी टाळ्या वाजवल्या. साडूला जाऊन आता दीड वर्ष होत आलं, आणि ही गोष्ट मी त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, सांगितली नव्हती. गेल्या रविवारपर्यंत नव्हती.

साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. दोन अनोळखी पुरुष एकाच घरातल्या दोन बहिणींशी लग्न करतात आणि मग जन्मभर प्रत्येक पंगतीत एकमेकांशेजारी बसतात. सासूबाई एकाचं कौतुक करतात ते दुसऱ्याच्या कानावर पडावं म्हणून. आमच्या बाबतीत कौतुक माझं व्हायचं, कारण माझी नोकरी सांगण्यासारखी. मी मुलुंडला राहतो आणि विमा कंपनीत दावे तपासतो. कोणाची पाठ धरली, कोणाच्या छातीत कळ आली, ती केव्हा आली, तेव्हा साहेब काय करत होते, विमा काढायच्या आधीही कधी आली होती का, हे खोदून खोदून विचारायचा पगार मला मिळतो. माणसाचं दुखणं खरं की नाटक हे मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं, अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. त्यांच्या लेखी ती अजूनही आहे. साडूबद्दल मात्र सासूबाई पाहुण्यांना 'सिनेमात आहेत' एवढंच सांगायच्या आणि लगेच चहाचं बघायला आत जायच्या.

त्याची माझी पहिली भेट माझ्या केळवणाला झाली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी अदबीने 'अहो' म्हणून सुरुवात केली तर म्हणाला, "साडू-साडूत अहो-जाहो कसलं रे? तू मला तू म्हण, नाहीतर मी तुला काका म्हणेन." मग माझ्या तोंडात श्रीखंडपुरीचा घास असताना त्याने गंभीरपणे विचारलं, "तुझ्या पोटात आत्ता कोणी लाथ घातली तर तू कसा ओरडशील?" मी घास गिळून म्हणालो, 'आई गं' म्हणून. त्याने मान हलवली. "इथेच सगळे चुकतात. गुंडाला आई नसते." आणि ती अख्खी पंगत उठेपर्यंत त्याने मला हे शास्त्र समजावलं. पोटात लाथ बसली की शब्द येत नाही, नुसता वारा जातो. शब्द आला की त्याला भाषा आली, आणि भाषा आली की वाट लागली. गुंड कोचीचा, बोलतो हिंदी, आणि मार बसल्यावर आई गं म्हणतो, हे कसं चालेल? "तुम्ही मराठी लोक डबिंगमध्ये हमखास मार खाता तो इथे," तो म्हणाला, जसा काही स्वतः काबूलहून आला होता. त्याच्या सगळ्या कामात एकदाही 'आई गं' नाही, ही त्याची एकमेव बढाई होती, आणि ती खरी होती.

घरी तो रियाज करायचा. गवयाचा सकाळी असतो, याचा दुपारी, कारण सकाळी ताईंना पाणी भरायचं असे. उशी पोटाशी धरायची, तिच्यावर आपल्याच मुठीने गुद्दा हाणायचा आणि वारा सोडायचा. सडपातळ गुंडाचा वारा वेगळा, ढेरपोट्याचा वेगळा, दारू प्यायलेल्याचा उशिरा निघतो. अंधेरीच्या त्या सोसायटीत ते नवीन राहायला गेले तेव्हा पंधरा दिवसांत एक हवालदार दाराशी आला. खालच्या मजल्यावरून तक्रार गेली होती की वरच्या बाई नवऱ्याला रोज दुपारी बडवतात. ताई पाच फुटांच्या आत-बाहेर, दमा असलेल्या. त्या पदराला हात पुसत दारात उभ्या. हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं, आतून आलेल्या सहा फुटी साडूकडे पाहिलं, आणि त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, घाबरू नका. असेल ते सांगा." साडूने त्याला बसवलं, चहा दिला आणि लाठीचे चार प्रकारचे मार करून दाखवले. चौथ्याला हवालदार म्हणाला, "हा नाही हो असा ओरडत. हा जरा लांबतो." साडूने ती सुधारणा तिथल्या तिथे वहीत टिपून घेतली. ताईंची मात्र सोसायटीत नवऱ्याला मारणारी बाई अशी जी कीर्ती झाली ती पुसता पुसली नाही. हळदीकुंकवाला बायका त्यांच्या हाताकडे बघायच्या.

तेव्हापासून रियाज जुहूच्या वाळूवर हलला, तोही सकाळी. तिथे हास्यक्लबची मंडळी गोल करून हात वर करून हसत असत आणि पलीकडे वीस पावलांवर आमचा साडू एकटाच मार खात असे. आठवडाभराने त्यांचे प्रमुख आले आणि म्हणाले, "अहो, तुमच्यामुळे आमच्या दोन मेंबरांना रडू फुटायला लागलंय. तुम्ही जरा लांब जा ना." साडू लांब गेला. घरी येऊन मला फोन करून सांगितलं, इतक्या आनंदात की मला वाटलं पुरस्कार मिळाला. "दोन जण रडले साडू, नुसत्या आवाजावर. चेहरा न बघता!"

आणि एवढं ओरडणारा हा माणूस खरंखुरं लागलं की गप्प बसायचा. चेष्टा नाही, तोंडातून चकार शब्द नाही. घाटकोपरला एका लग्नाला निघालो होतो. मी टॅक्सीचं दार धाडकन ओढलं. दोन मिनिटांनी साडू अगदी साध्या आवाजात म्हणाला, "घाई नसेल तर दार जरा उघडतोस का?" त्याचं बोट दारात होतं. काळंनिळं पडलेलं. मी ओरडलो, ताई ओरडल्या, टॅक्सीवाला ओरडला. हा तेवढा गप्प. मी म्हटलं, "अरे माणसा, ओरडायला काय झालं होतं?" तर म्हणतो, "फुकट कशाला ओरडू? धंदा आहे तो माझा." तेव्हा आम्ही लग्नघर गाठेपर्यंत हसत होतो. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. "यांचं हेच मेलं वाईट आहे," त्या म्हणाल्या. "खोटं दुखलं तर सगळ्या गावाला कळतं, आणि खरं दुखलं तर माझ्या बाजूला बसून कळत नाही." दोघंच राहायची ती, मूलबाळ नाही. एकमेकांचं सगळं कळायला हवं अशीच तर घरं असतात ही.

त्याचं नाव कुठल्याही सिनेमाच्या पाटीवर आलं नाही. आवाज देणाऱ्यांची नावं मुळातच येत नाहीत, आणि आली तरी 'आ' आणि 'ऊ' करणाऱ्याचं कोण घालणार? त्याला त्याचं वाईट वाटत असे की नाही, देव जाणे. एकदाच बोलला होता. आम्ही चौघं थिएटरात गेलो होतो, याचाच सिनेमा. नायकाने मिशीवाल्याला भिंतीवर आपटलं आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. साडू माझ्या कानात म्हणाला, "बघ हं. मारणाऱ्याला टाळ्या, मार खाणाऱ्याला चहा. तोही अर्धा." आणि हसला. मीही हसलो. मी सगळ्याच वेळी हसलो, हाच तर माझा त्रास आहे.

आता त्या सिनेमाकडे येतो. मल्याळी होता. साडूच्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. नायक लग्नाकार्यात स्वयंपाक करणारा आचारी. भांडण म्हटलं की चार हात लांब पळणारा. शेवटी एका लग्नात त्याच्यावर तेवीस गुंड सोडतात, आणि हा भला माणूस मुंडू, म्हणजे तिकडची पांढरी लुंगी, वर खोचून, हातातल्या झाऱ्याने आणि पळीने तेवीसच्या तेवीस जणांना लोळवतो. पण मधे मधे चुलीकडे धावत जाऊन पायसम, म्हणजे तिकडची खीर, ढवळून येतो, कारण ते लागता कामा नये. गुंडही थांबतात. मी ते पाहून इतका हसलो की चष्मा काढावा लागला. आणि या सगळ्या मारामारीवर एक गाणं आहे. गळ्यात अडकवून वाजवतात तो तिकडचा ढोल, त्याच्यावर बायकांचा कोरस. चाल अशी की पाय आपोआप हलावा. कंपनीने पैसे वाचवायला की काय, गाणं हिंदीत केलंच नाही, मल्याळीतच ठेवलं.

डबिंगला सिनेमा येतो तेव्हा त्यातलं माणसांच्या तोंडचं बोलणं-ओरडणं काढून टाकलेलं असतं; मागचं संगीत आणि भांड्याकुंड्यांचे आवाज तेवढे शिल्लक ठेवतात. म्हणजे साडूला दिसायचं ते असं, की ढोल वाजतोय, बायका गातायत, झारा डोक्यात बसल्याचा 'टण्' येतोय, आणि गुंड नुसतं तोंड उघडून मुकाट पडतोय. साडूने त्या ढोलावर आपला मार बसवायचं मनावर घेतलं. नुसतं ओरडायचं नाही, ठेक्यावर ओरडायचं. पंधरा दिवस त्याने ते गाणं घोकलं, एका अक्षराचा अर्थ न कळता. शेवटी त्याच्या मजल्यावर एक मल्याळी सिस्टर राहतात, इस्पितळात काम करणाऱ्या, त्यांना त्याने अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, पानं मांडा, भात वाढा, आमटी वाढा, जरा थांबा, अजून एक पाहुणा यायचा राहिलाय. मी म्हटलं, "एवढंच?" साडू म्हणाला, "एवढंच तर! लोकांची हाडं मोडतायत आणि बायका जेवायला वाढतायत. वेडा आहेस का, याच्याइतकं भारी काय पाहिजे?" आणि माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, ताटावर बोटांनी ठेका धरून त्याने तेविसातले बावीस गुंड मला करून दाखवले. माझी बायको पोळ्या लाटायची थांबली होती. तेविसावा ठेवलाय, म्हणाला, स्टुडिओतच होईल तो.

तेविसावा झाला त्या दिवशी मी अंधेरीला एका दाव्याच्या चौकशीला गेलो होतो. बायकोने ताईंसाठी लोणच्याची बरणी दिलेली. दुपार होती. साडूचा स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात, तिथेच बरणी द्यावी म्हणून उतरलो, तर डायरेक्टरबाईंनी मला काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसवलं. काचेपलीकडे साडू, गंजिफ्रॉकवर. कपड्यांची सळसळ माईकमध्ये येते म्हणून तो शर्ट काढूनच उभा राहायचा. एसीची घरघरही येते म्हणून टेक चालू असताना एसी बंद. त्यामुळे घामाघूम. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्याला घाम फुटला होता हे मी पाहिलं होतं, आणि मला त्यात काही वाटलं नव्हतं.

पडद्यावर तेविसावा गुंड आला. सगळ्यात मोठा, दारातून वाकून आलेला. आचारी त्याला मोठी पळी छातीवर हाणतो आणि तो केळीच्या पानांच्या ढिगावर कोसळतो. साडूने पहिला टेक दिला. बाई म्हणाल्या, "दादा, दर्द नहीं आ रहा." दुसरा दिला. "दादा, ये आदमी गिर रहा है, आप खाँस रहे हो." तिसऱ्याला साडू ठेक्याला चुकला. साडू ठेक्याला कधी चुकत नाही. त्याने माझ्याकडे बघून 'थांब' असा हात केला, पाण्याचा घोट घेतला, गुडघ्यांवर हात टेकून जरा वाकून उभा राहिला. चौथा टेक सुरू झाला. ढोल आला, बायका आल्या, पळी उठली, साडूने उजवा पंजा छातीवर धरला, आणि त्या 'धम्' वर त्याच्या तोंडून निघालं, "आई गं!"

काय सांगू तुम्हाला. असा आवाज मी कुठल्याही सिनेमात ऐकला नव्हता. पोटातून नाही, त्याच्याही खालून कुठून तरी आलेला. डायरेक्टरबाई म्हणाल्या, "यही. यही चाहिए था." आणि मी, दुखण्याची पारख असलेला माणूस, सोफ्यावरून उठलो आणि काचेसमोर जाऊन कडकडून टाळ्या वाजवल्या. साडूने मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण मला टाळ्या वाजवताना बघून तो हसला. बाहेर आल्यावर मी त्याला टपली मारली, "काय रे, गुंडाला आई नसते ना?" तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं रे." मग बाईंना म्हणाला, "मॅडम, निकाल दो ना वो. मराठी आ गया." बाई म्हणाल्या, "ढोल के नीचे दब गया, दादा. किसको सुनाई देगा?"

तळघराच्या पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला. मी म्हटलं, "म्हातारा झालास." तो डावा खांदा चोळत होता. समोर कोणी दावेदार असा खांदा चोळत बसला असता तर मी कागदावर खूण केली असती. मी खिशातून पित्ताची गोळी काढून दिली. चहा मागवला, त्याने कप हातात धरला आणि प्यायला नाही. मी त्याला रिक्षात बसवलं, लोणच्याची बरणी मांडीवर ठेवली. रिक्षा सुरू झाली तेव्हा तो वाकून म्हणाला, "टाळ्या तूच वाजवल्यास ना? का बाईंनी पण?" मी म्हटलं, "मीच रे." "बरं," म्हणाला. रिक्षा गेली, आणि मी आपला मेट्रो पकडून घाटकोपरमार्गे घरी गेलो, वाटेत बायकोला काय रंगवून सांगायचं ते जुळवत.

पाचव्या दिवशी सकाळी तो बाथरूमच्या दाराशी पडला. ताई चार पावलांवर, ओट्याशी होत्या. त्यांना काही ऐकू आलं नाही. आयुष्यभर पडला, दर वेळी अख्ख्या देशाला ऐकू आलं, आणि खरा पडला तेव्हा फोडणीच्या आवाजात कोणाला कळलं नाही. मल्याळी सिस्टर धावत आल्या, घाम गळेपर्यंत छाती दाबत राहिल्या. उपयोग झाला नाही. इस्पितळात डॉक्टरांनी शवविच्छेदनाचे कागद बघितले आणि ताईंना विचारलं, "हा पहिला झटका नव्हता. चार-पाच दिवसांपूर्वी एक येऊन गेलाय. तेव्हाच आणलं असतं तर... काही बोलले नव्हते का?" ताई म्हणाल्या, "नाही हो. दुखलं तर सांगतच नाहीत ते." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्रास पहिल्यांदा केव्हा जाणवला, हा प्रश्न मी जन्मभर लोकांना विचारत आलोय. त्याचं उत्तर त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. नंतर त्याच्या विम्याचा फॉर्मही मीच भरला. त्यात तो प्रश्न होताच. मी पाचव्या दिवसाची तारीख लिहिली.

पुढे सिनेमा लागला आणि गाणं पेटलं. कळत कोणाला काही नाही, पण अख्ख्या मुंबईला ते पाहिजे. मुलुंडला आमच्या गणपतीत तेच, शेजारच्यांच्या हळदीत तेच, समोरच्या जिममध्ये तेच, ऑफिसात माझ्या साहेबांच्या फोनवर तेच. नुसत्या गाण्यात गुंड नाहीत, ओरडणं नाही, ढोल आणि बायका तेवढ्या. पण तो 'धम्' जवळ आला की मी हातातलं काम टाकून थांबतो. हळदीला लोक नाचत होते, मला हात धरून ओढत होते, आणि मी गुडघा दुखतो असं सांगून खुर्चीत बसून राहिलो. दुखत काही नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी माझ्यासमोर इतकं वाईट नाटक केलं नसेल, पण सगळ्यांनी विश्वास ठेवला.

मग तो सिनेमा टीव्हीवर आला. या हिंदी केलेल्या सिनेमांचं तुम्हाला माहीत आहे, एकदा चॅनलवर आले की दर दोन-तीन रविवारी दुपारी हजर. लागला की ताई फोन करायच्या, "भाऊजी, आज आहे हं. या दोघं." बायको जायची. मी काहीतरी काम काढायचो. बायको येऊन सांगायची, ताई सगळे गुंड ओळखते; हा टकला म्हणजे हे, हा सुरीवाला म्हणजे हे, असं बोटाने दाखवते, हसते, मधेच डोळे पुसते. मी विचारायचो, "आणि शेवटचा?" बायको म्हणायची, "शेवटच्याला काही बोलत नाही."

गेल्या रविवारी बायको बारशाला गेली होती. फोन आला. मी म्हटलं, बस झालं, आज सांगून टाकायचं. ताई थोबाडीत मारतील, दार लावून घेतील, काय करायचं ते करू देत. अंधेरीला पोचलो तेव्हा मारामारीला अजून वेळ होता. ताईंनी पाणी दिलं. साडूची ती उशी सोफ्यावर होती, मधे खड्डा पडलेली. मी तिच्या बाजूला बसलो. तोंड उघडायचो आणि जाहिरात लागायची.

गाणं सुरू झालं. ताईंनी बोट दाखवायला सुरुवात केली. "हा हे. हा पण. हा नाही हं, हा दुसऱ्या कोणाचा, बघा किती नाकात आहे. हा हे." आचाऱ्याने पायसम ढवळलं, ताई हसल्या, मलाही हसू आलं, मेलं येतंच. बावीस झाले. दारातून तो मोठा वाकून आत आला. ताईंनी रिमोट उचलला. मला वाटलं, आता बंद करतील. त्यांनी आवाज वाढवला.

आई गं.

ढोलाखाली दबलेलं होतं, बाईंचं बरोबर होतं. ज्याला ठाऊक नाही त्याला ऐकू येणार नाही. ताईंनी आवाज कमी केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कामात ते कधी आई गं म्हणायचे नाहीत, भाऊजी."

मी म्हटलं, "नाही."

"तेव्हाच आला होता ना तो? पहिला?"

मी मान हलवली. मग सगळं सांगितलं. घाम, खांदा, पायऱ्या, गोळी, फॉर्मवरची तारीख. डॉक्टरांसमोर गप्प राहिलो ते. शेवटी टाळ्यांचं सांगायची वेळ आली. "ताई, तो मरत होता आणि मी टाळ्या वाजवल्या हो."

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"ते माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. घरात पाऊल टाकलं तसं. लोणच्याची बरणी हातात, चप्पल पायात, आणि म्हणतात, अगं, आज मला टाळ्या मिळाल्या. साडू उभा राहून वाजवत होता. जेवताना परत सांगितलं. झोपताना परत." त्यांनी नाक ओढलं. "छातीचं एका शब्दाने बोलले नाहीत. टाळ्यांचं तेवढं तीनदा सांगितलं."

माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती. त्या उठल्या, चहा टाकते म्हणाल्या, आणि आत गेल्या. पडद्यावर तेवीस गुंड कण्हत उठून पंगतीला बसले होते आणि तो आचारी त्यांच्यापुढे पानं मांडत होता. बायका अजून गात होत्या, थांबा, एक पाहुणा यायचा राहिलाय. मी ती खड्डा पडलेली उशी मांडीवर घेतली आणि चहा येईपर्यंत तशीच धरून बसलो.